मोहलत मागायची कुणाकडे?

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एक बाई हातात फाईल घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, हिशेब हा काही माझा विषय नाही. पण स्वतःचं इन्कम टॅक्सचं रिटर्न बरीच वर्षं स्वतःच भरत असल्यामुळे स्टाफरूममध्ये मी नको तितका जाणकार ठरलो आहे. बाई म्हणाल्या, "सर, माझं रिटर्न राहून गेलं. आता भरायचंय. आणि उशीर का झाला तेही लिहून द्यायचंय. अर्ज कुणाच्या नावाने करू?"

उशीर का झाला ते मला ठाऊक होतं. ऑगस्टच्या अखेरीपासून त्यांचे यजमान सोलापूरला दवाखान्यात होते. बाई आठवड्यातले चार दिवस येडशीहून सोलापूरला जात-येत होत्या. रात्री दवाखान्यात, सकाळी एसटीत, दुपारी वर्गात. अशा माणसाला १६ सप्टेंबर ही तारीख आठवत नाही, आणि आठवली तरी फाईल कोणत्या कपाटात आहे ते आठवत नाही.

मी मोबाइलवर हिशेब मांडला आणि मलाच बोलवेना. बाईंचा वर्षाचा पगार साधारण नऊ लाख. घराचं कर्ज आहे, त्याचं दोन लाख व्याज. विमा आणि भविष्य निर्वाह निधी मिळून दीड लाख. पन्नास हजारांची प्रमाणित वजावट आणि अडीच हजार व्यवसाय कर धरला, तर जुन्या करप्रणालीत त्यांचं करपात्र उत्पन्न ४,९७,५०० रुपये. पाच लाखांच्या आत, म्हणजे कर शून्य. याच हिशेबाने शाळेनेही त्यांचा कर कापलेला नव्हता. सगळं सरळ होतं. फक्त रिटर्न वेळेत जायला हवं होतं.

कायदा असा आहे की आता नवी करप्रणाली हीच मूळ धरली जाते. पगारदार माणसाला जुनी हवी असेल, तर ती मुदतीच्या आत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडता येते. मुदत टळली की निवड गेली. नव्या प्रणालीत बाईंना ना घरकर्जाचं व्याज वजा मिळतं, ना विमा. नऊ लाखांतून ७५ हजार वजा करून उरतात ८,२५,०००. त्यावर उपकरासह कर होतो ३३,८०० रुपये. शिवाय उशिराचं शुल्क. उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर ते एक हजार असतं, त्याच्या वर पाच हजार. बाई वेळेत असत्या तर पाच लाखांच्या आत होत्या. उशीर झाल्यामुळे वर गेल्या, म्हणून पाच हजार. एकूण ३८,८०० रुपये, आणि व्याज वेगळं.

कर चुकवला नव्हता, उत्पन्न लपवलं नव्हतं. दोन-तीन आठवड्यांच्या उशिराची ही किंमत.

"पण सर, कारण कुठे लिहायचं?" बाईंनी पुन्हा विचारलं. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न साधा होता. वर्गात एखादं पोरगं तीन दिवस आलं नाही तर आपण घरून चिठ्ठी आणायला सांगतो. चिठ्ठी वाचतो, मग ठरवतो. शिक्षा करायची ती कारण ऐकून करायची, एवढी रीत गावातल्या शाळेतही आहे. मी त्यांना सांगितलं, "बाई, या फॉर्ममध्ये कारणाचा रकानाच नाही."

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आपल्या देशात रिटर्नची मुदत वाढत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. दरवर्षी वाढतेच असं नाही, पण वाढते तेव्हा सगळ्यांना कळतं. २०२५ चंच पाहा. पगारदारांची तारीख ३१ जुलै २०२५ होती. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २७ मे रोजीच ती १५ सप्टेंबर केली. कारण दिलं की रिटर्नच्या फॉर्ममध्ये मोठे बदल झालेत, पोर्टल तयार व्हायला वेळ लागेल आणि कापलेल्या कराच्या नोंदी जूनच्या सुरुवातीपासून दिसायला लागतील. मग १५ सप्टेंबरच्या रात्री आणखी एक दिवस वाढवून दिला. तो बदल करायला पोर्टल मध्यरात्रीपासून अडीच वाजेपर्यंत बंद ठेवलं. कोविडच्या काळात तर २०२०-२१ या कर निर्धारण वर्षाची तारीख १० जानेवारी २०२१ पर्यंत गेली होती.

म्हणजे कारण असेल तर मुदत वाढू शकते हे सरकारला मान्य आहे. फक्त कारण सरकारचं स्वतःचं असावं लागतं, नाहीतर लाखो लोकांचं एकच असावं लागतं.

आपल्या जिल्ह्याचा दाखला घेऊ. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा, भूम, कळंब, वाशी या तालुक्यांची काय दशा झाली ते आपण पाहिलं. माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. दुकानांत पाणी, घरांत चिखल, कागदपत्रांचा लगदा. ज्या व्यापाऱ्यांना लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं त्यांच्या अहवालाची मुदत ३० सप्टेंबर होती. देशभरच्या सनदी लेखापालांच्या आणि व्यावसायिकांच्या संघटनांनी निवेदनं दिली, प्रकरण उच्च न्यायालयांत गेलं, आणि २५ सप्टेंबरला मंडळाने मुदत ३१ ऑक्टोबर केली. मंडळाने दिलेल्या कारणांत काही भागांतले पूर आणि नैसर्गिक आपत्ती यांचाही उल्लेख होता. पुढे ती १० नोव्हेंबरपर्यंत वाढली, आणि त्या व्यापाऱ्यांच्या रिटर्नची तारीख १० डिसेंबर झाली.

हे योग्यच झालं. पण यातून एक गोष्ट दिसते. ज्या अडचणीमागे संघटना उभी असते तिला मुदतवाढ मिळते. ज्या अडचणीला वकील मिळतो तिलाही मिळते. मुंबई उच्च न्यायालयाचं उदाहरण ताजं आहे. जुलै २०२४ मध्ये रिटर्नच्या संगणक प्रणालीत बदल झाला आणि सात लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या काही करदात्यांना, विशेषतः ज्यांना शेअर विकून थोडा नफा झाला होता त्यांना, कलम ८७-अ ची सवलत मागताच येईना. कायदा काय म्हणतो यावर वाद होऊ शकतो, पण इथे मागण्याचीच सोय बंद झाली होती. करसल्लागारांच्या संघटनेने जनहित याचिका केली. न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी मुदत वाढवायला सांगितलं आणि उशिराच्या व सुधारित रिटर्नची तारीख ३१ डिसेंबरवरून १५ जानेवारी २०२५ झाली. संघटना होती म्हणून हे घडलं.

आमच्या बाईंच्या यजमानांच्या दुखण्याची संघटना नसते. सासूबाई वारल्या, चाळिसावा व्हायचा आहे, घरात कुणी भानावर नाही, याचं निवेदन घेऊन दिल्लीला कुणी जात नाही. एकट्याच्या संकटाला आपल्या करकायद्यात आधीपासून मोहलत मागण्याची जागा नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

भाषेचा शिक्षक आहे, म्हणून शब्दांकडे वळतो. मुदत, मोहलत, तहकूब, वसूल, तहसील, माफी. महसुलाची आपली मराठी अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांनी भरलेली आहे. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हे शब्द जास्तच. महसुलाच्या भाषेतले दोन शब्द इथे महत्त्वाचे आहेत. पीक बुडालं तर शेतसाऱ्याला दोन तऱ्हेने दिलासा मिळतो. एक तहकुबी, दुसरी सूट. तहकुबी म्हणजे आज नको, पुढे द्या. सूट म्हणजे देऊच नका. दुष्काळ आणि अतिवृष्टी पाहिलेल्या आपल्या शेतकऱ्याला यातला फरक कुणी शिकवावा लागत नाही.

मुदतवाढ मागणारा माणूस सूट मागत नसतो, तहकुबी मागत असतो. आपल्याकडे चर्चेत नेहमी ही गल्लत होते. मुदतवाढ म्हटलं की लोकांना वाटतं करबुडव्यांची सोय. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना विचारा. तिथे रिटर्नची तारीख १५ एप्रिल. अडचण असेल तर त्या तारखेच्या आत फॉर्म ४८६८ भरायचा, मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत मिळते. कारणही विचारत नाहीत. पण अंदाजे जो कर निघतो तो १५ एप्रिललाच भरावा लागतो. कागदाला सहा महिने, पैशाला एकही दिवस नाही. राहिलेल्या पैशावर व्याज लागतं. तिथल्या सरकारचा महसूल यामुळे बुडाल्याचं ऐकिवात नाही.

मुसलमान वाचकांना तर हे अमेरिकेवरून समजून घ्यायची गरज नाही. रमजानचे रोजे फर्ज आहेत. पण आजारी माणसाला आणि प्रवाशाला ते पुढे ढकलता येतात. रोजा माफ होत नाही. बरं झाल्यावर, घरी परतल्यावर तो कजा म्हणून पूर्ण करावा लागतो. त्यासाठी गावाने मिळून निवेदन द्यावं लागत नाही. एकट्या माणसाचा उज्र, म्हणजे खरीखुरी अडचण, पुरेशी असते. हजरत उमर यांच्या काळात, हिजरी सन १८ च्या सुमारास, अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. त्या वर्षी त्यांनी जकातीची वसुली थांबवली आणि पुढच्या वर्षी दोन्ही वर्षांची मिळून घेतली, असं जुन्या ग्रंथांत नमूद आहे. शुद्ध तहकुबी. हक्क सोडला नाही, माणसाला श्वास घेऊ दिला. अडचणीतल्या कर्जदाराला हात मोकळा होईपर्यंत मोहलत द्यावी ही कुरआनची शिकवणही आपल्याला माहीत आहे. कर हे कर्ज नव्हे, हे मला कळतं. पण देण्याघेण्यातली माणुसकी दोन्हीकडे एकच असते.

आता मुदत मागण्याची खरी कारणं कोणती, ते बघू. आजारपण आणि मृत्यू ही पहिली. घरातला कमावता माणूस गेला तर त्याचंही रिटर्न भरावं लागतं, आणि त्यासाठी वारसाला आधी पोर्टलवर नोंदणी करून मंजुरी घ्यावी लागते. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, सगळं जमवायचं. इद्दतमध्ये बसलेल्या बाईने हे कसं करावं?

दुसरं कारण, कागद दुसऱ्याच्या हातात असणं. मालकाने कापलेल्या कराचं शेवटच्या तिमाहीचं विवरण ३१ मेपर्यंत द्यायचं असतं आणि फॉर्म १६ पंधरा जूनपर्यंत. तिथे पॅनचा एक आकडा चुकला की कर पगारातून कापलेला असतो, पण आपल्या खात्यावर दिसत नाही. दुरुस्तीसाठी फेऱ्या आपण मारायच्या, चूक ज्याची त्याने सावकाश सुधारायची, आणि तारीख मात्र आपल्यावर उलटायची. मी स्वतः एका वर्षी हा अनुभव घेतला आहे.

तिसरं कारण शिक्षकांना चांगलं माहीत आहे: थकबाकी. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते आले तेव्हा अनेकांचं एका वर्षाचं उत्पन्न एकदम फुगलं. मागच्या वर्षांचा पैसा या वर्षी मिळाला तर कलम ८९ खाली करात दिलासा मिळतो, पण त्यासाठी रिटर्नच्या आधी फॉर्म १०-ई भरावा लागतो. ज्या ज्या वर्षाचा फरक आहे त्या त्या वर्षाचं उत्पन्न त्यात लिहायचं. सात-आठ वर्षांपूर्वीची पगारपत्रकं शोधायची. घाईत लोक हा फॉर्म सोडून देतात आणि हक्काचा पैसा सोडतात.

चौथं कारण मला सगळ्यांत गंभीर वाटतं. घाईतलं रिटर्न चुकतं. आपल्या समाजात रिटर्न भरणारी पहिलीच पिढी आहे. बाप गॅरेजवाला नाहीतर बांगडीवाला, मुलगी नर्स, मुलगा पुण्यात कंपनीत. घरात विचारायला कुणी नाही. शेवटच्या दोन दिवसांत ही मुलं गल्लीतल्या 'रिफंड काढून देतो' म्हणणाऱ्याकडे जातात. तो न दिलेली देणगी दाखवतो, नसलेलं भाडं दाखवतो, रिफंडातला वाटा घेतो आणि मोकळा होतो. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशाच खोट्या वजावटींच्या प्रकरणात देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. नोटीस शेवटी ज्याचा पॅन त्यालाच येते. शांतपणे भरायला महिनाभर मिळाला असता तर यातली काही मुलं तरी वाचली असती.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप असा, की मागितली की मिळते म्हटलं तर सगळेच मागतील. आपल्याला शेवटच्या दिवसाची सवय आहे हे खरंच. १५ सप्टेंबरपर्यंत ७.३ कोटींहून जास्त रिटर्न आली, आणि त्या दिवशी पोर्टल हळू झाल्याची ओरड होतीच. मुदत वाढेल म्हणून हात बांधून बसणारे माझ्याच स्टाफरूममध्ये आहेत. पण ही सवय कशाने लागली? कधी वाढेल, वाढेल की नाही, हे रात्री अकरा वाजेपर्यंत कळत नाही म्हणून. मुदतवाढ नशिबावर असते, म्हणून लोक वाट बघतात. तीच ठरावीक नियमाने, मागणाऱ्यालाच, आणि कर भरल्यावरच मिळाली, तर वाट बघण्यात काही फायदा उरत नाही.

दुसरा आक्षेप असा, की दार आधीच आहे. खरं आहे, कलम ११९ खाली उशीर माफ करण्याचा अर्ज वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे करता येतो, आणि १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत करता येतो. पण त्या परिपत्रकाची सोय परतावा मागणाऱ्यासाठी आणि तोटा पुढे ओढणाऱ्यासाठी आहे. आमच्या बाईंचा ना परतावा होता ना तोटा. आणि तो अर्ज गुन्हा घडल्यानंतरच्या क्षमेसारखा आहे. मी बोलतोय ते आधी परवानगी मागण्याबद्दल.

तिसरा आक्षेप, खरंखोटं कोण तपासणार? अतिवृष्टीची नोंद महसूल मंडळनिहाय होते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ते मंडळ सरकारदरबारी लागतं. कोणत्या मंडळात पाणी घुसलं हे सरकारला आपल्याआधी कळतं. २०१८ च्या पुरानंतर केवळ केरळच्या करदात्यांची मुदत १५ सप्टेंबर केली होती, म्हणजे एका भागापुरती मोहलत देणं जमतं. मृत्यूची नोंद सरकारकडेच असते. दवाखान्याचा कागद जोडता येतो. खोटं कारण दिलं तर दुप्पट दंड लावा, माझी हरकत नाही.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. रिटर्नची तारीख संपण्याआधी पगारदार आणि छोट्या करदात्याला पोर्टलवर एक अर्ज करता यावा. निघणारा कर त्याने त्याच दिवशी भरावा. कारण निवडावं: आजार, मृत्यू, आपत्ती, मालकाकडची चूक. साठ दिवस मिळावेत, आणि त्या साठ दिवसांत भरलेलं रिटर्न वेळेत भरलेलं धरावं, म्हणजे करप्रणाली निवडण्याचा हक्क जाणार नाही. जो स्वतः दवाखान्यात पडला असेल किंवा पुरात अडकला असेल, त्याला हा अर्ज तारखेनंतर तीस दिवसांपर्यंत करता यावा.

हे मागायला हीच वेळ बरी आहे. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा. त्याच्या मूळ विधेयकात उशिरा रिटर्न भरणाऱ्याचा परतावाच जाईल अशी अट होती. त्यावर लोकांनी आवाज उठवला, संसदेच्या निवड समितीने ती काढायला सांगितली आणि ती निघाली. म्हणजे सांगितलं तर ऐकलं जातं. शिक्षक संघटना वेतनवाढीसाठी मोर्चे काढतात, त्यांनी हे एक पान निवेदनात घालावं. आपल्या खासदारांना पत्र लिहायला पाच रुपयांचं पाकीट लागतं.

तोवर आपण काय करायचं? मोहलत नाही हे गृहीत धरून चालायचं. कागद अपुरे असले तरी तारखेच्या आत, हातात आहे त्या खऱ्या आकड्यांवर रिटर्न भरून टाकायचं, आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न द्यायचं. वेळेत गेलेल्या रिटर्नमध्ये निवडलेली करप्रणाली हातची जात नाही. घरातल्या आणखी एका माणसाला, बायकोला किंवा मोठ्या मुलीला, फाईल कुठे आहे आणि पासवर्ड काय आहे ते सांगून ठेवायचं. दुखणं विचारून येत नाही. आणि ज्यांचं यंदाचं रिटर्न अजून राहिलं आहे त्यांच्यासाठी ३१ डिसेंबर ही शेवटची साधी तारीख आहे. शुल्क लागेल, पण भरा. नंतर परतावा हवा तर कलम ११९ खाली अर्जच करावा लागतो. नाहीतर उरतं ते जादा कर भरून द्यायचं अद्ययावत रिटर्न.

बाईंनी ती रक्कम भरली. यजमानांच्या उपचारासाठी मोडलेल्या ठेवीतले थोडे पैसे उरले होते, ते त्यात गेले. पावती मी छापून दिली. त्यांनी ती फाईलमध्ये लावली आणि तिच्या मागे दवाखान्याचं डिस्चार्ज कार्डही लावून ठेवलं. मी म्हटलं, "बाई, हे कुणी मागणार नाही." त्या म्हणाल्या, "राहू द्या सर. कधी कुणी विचारलंच तर दाखवता येईल."

कुणीतरी विचारावं, एवढंच माझं म्हणणं आहे.